घरातला कुत्रा फार भुंकतो: आधी कारण ओळखा, मग उपाय करा

कुत्रा म्हटला की भुंकणारच. पण तो रोज तासन्‌तास भुंकत असेल, रात्री घरच्यांची आणि शेजाऱ्यांची झोप मोडत असेल, किंवा आजवर शांत असलेला कुत्रा अचानक भुंकायला लागला असेल, तर त्यामागे काहीतरी कारण असते. ताप हे जसे एखाद्या आजाराचे लक्षण असते, तसेच अति भुंकण्याचे आहे. कारण न शोधता नुसती तापाची गोळी घेतली की ताप उतरतो आणि पुन्हा चढतो. कुत्र्याला ओरडून, मारून किंवा बांधून गप्प केले की तेच होते.

मी माणसांचा डॉक्टर आहे. कुत्र्याची तपासणी आणि औषधे हे पशुवैद्यकाचे काम. पण या प्रश्नाच्या तीन बाजू फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यापर्यंत येतात. पहिली, मोडलेली झोप. दुसरी, कुत्र्याला गप्प करायला गेलेल्या माणसाला झालेली जखम. आणि तिसरी, "डॉक्टरसाहेब, कुत्र्याला द्यायला एखादी झोपेची गोळी लिहून द्या ना" ही मागणी. अमरावती, अकोला आणि आसपासच्या गावांतली घरे, इथला उन्हाळा आणि इथले सणवार लक्षात घेऊन ही माहिती लिहिली आहे.

किती भुंकणे नेहमीचे समजावे?

फाटक वाजले, घंटागाडी आली, अनोळखी माणूस दिसला की कुत्रा भुंकतो. एक-दोन मिनिटांत, किंवा तुम्ही बाहेर येऊन पाहिले की तो थांबतो. हे नेहमीचे भुंकणे आहे. पुढीलपैकी काही दिसत असेल तर मात्र लक्ष द्या:

- कारण निघून गेल्यावरही भुंकणे थांबत नाही.
- घरी कोणी नसताना सतत भुंकणे, रडणे किंवा दार खरवडणे चालते.
- रात्री वारंवार उठून भुंकतो.
- भुंकण्यासोबत गुरगुरणे, अंगावर धावून जाणे किंवा थरथरणे आहे.
- वय झालेला किंवा एरवी शांत कुत्रा हल्ली भुंकायला लागला आहे.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. रोज ऐकून मालकाला त्या आवाजाची सवय होते, शेजाऱ्याला होत नाही. शिवाय बरेचदा कुत्रा मालक घराबाहेर असतानाच जास्त भुंकतो. त्यामुळे शेजाऱ्याने तक्रार केली तर "आमचा कुत्रा तर भुंकतच नाही" असे म्हणण्याआधी, बाहेर जाताना घरात एक मोबाइल रेकॉर्डिंगवर ठेवून पाहा.

माणसांच्या तब्येतीवर काय परिणाम होतो?

मोठ्या कुत्र्याचे जवळून भुंकणे ९० डेसिबलच्या आसपास जाऊ शकते. आपल्याकडच्या ध्वनिप्रदूषण नियमांत (२०००) रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. यावरून फरकाची कल्पना येईल.

आवाजाच्या मोठेपणापेक्षाही त्याचे अचानक येणे झोपेला जास्त बाधते. कूलरचा आवाज एकसारखा असतो, म्हणून त्यात झोप लागते. भुंकणे मध्येच सुरू होते, थांबते, पुन्हा सुरू होते. अशा आवाजाने माणूस पूर्ण जागा झाला नाही तरी नाडी आणि रक्तदाब काही क्षण वाढतात, गाढ झोप उथळ होते. सकाळी डोके जड असणे, चिडचीड, कामात लक्ष न लागणे हे त्याचे परिणाम. रक्तदाबाचे किंवा हृदयाचे रुग्ण, बाळंतीण, तान्ही मुले, परीक्षेचे विद्यार्थी आणि रात्रपाळी करून दिवसा झोपणारे लोक यांना हा त्रास जास्त जाणवतो.

पहिले काम: सात दिवसांची वही

रुग्णाला आम्ही विचारतो, कधीपासून, किती वेळा, कशाने वाढते, कशाने कमी होते? कुत्र्याला विचारता येत नाही, म्हणून सात दिवस लिहून ठेवा. प्रत्येक वेळी चार गोष्टी पुरतात:

१. किती वाजता आणि किती वेळ भुंकला.
२. भुंकण्याच्या लगेच आधी काय झाले.
३. तुम्ही काय केले (ओरडलात, खायला दिले, आत घेतले, दुर्लक्ष केले).
४. शेवटी कशाने थांबला.

आठवड्याभरात बहुतेक घरांत कारण कागदावर दिसू लागते. पशुवैद्यकाकडे जावे लागले तर हीच वही आणि मोबाइलवरचा व्हिडिओ त्यांच्या फार कामी येतो.

कारणानुसार उपाय

राखणीचे भुंकणे. ठरलेल्या वेळी, फाटकाकडे किंवा खिडकीकडे तोंड करून भुंकतो. कुत्रा भुंकतो, पेपरवाला पेपर टाकून निघून जातो, आणि कुत्र्याला वाटते की आपण त्याला हाकलले. रोज हा 'विजय' मिळाल्याने सवय पक्की होते. उपाय सोपा आहे: रस्ता दिसणार नाही असे करा. फाटकाच्या जाळीला आतून पत्रा किंवा ताडपत्री लावा, खिडकीला पडदा टाका, दूधवाला-पेपरवाला येण्याच्या वेळी कुत्र्याला मागच्या अंगणात किंवा आत ठेवा. जमले तर त्याच माणसाच्या हातून कुत्र्याकडे लांबून भाकरीचा तुकडा टाकायला लावा.

लक्ष वेधण्याचे भुंकणे. तुमच्याकडे पाहून भुंकतो, मध्ये थांबून तुम्ही काय करता ते बघतो. तुम्ही ताटातला घास दिला, हात फिरवला किंवा नुसते रागावलात, तरी त्याला हवे ते मिळाले. इथे पूर्ण दुर्लक्ष करायचे आणि तो गप्प झाल्यावरच लक्ष द्यायचे. पहिले काही दिवस भुंकणे वाढेल, कारण आजवर चालणारी युक्ती चालेनाशी झाली म्हणून तो जोर लावतो. नेमक्या त्या वेळी घरातल्या कोणी हार मानली, तर कुत्रा 'अजून जास्त वेळ भुंकायचे' एवढेच शिकतो. म्हणून आजी-आजोबांपासून लहान मुलांपर्यंत घरातल्या सगळ्यांचा नियम एकच हवा.

कंटाळा. दिवसभर साखळीला असलेला, फिरायला न नेलेला कुत्रा भुंकतो, कारण त्याला दुसरे काम नाही. रोज दोन वेळा मिळून निदान तासभर फिरवा आणि रस्त्याने त्याला मनसोक्त हुंगू द्या. जेवण एकाच वाटीत देण्याऐवजी थोडे लपवून द्या: जुन्या टॉवेलच्या घड्यांत भाकरीचे तुकडे, अंगणात पसरलेले फुटाणे. शोधण्यात डोके आणि नाक दमले की कुत्रा झोपतो.

एकटेपणाची भीती. तुम्ही निघालात की काही मिनिटांत सुरू होते. सोबत लाळ गळणे, दार खरवडणे, घरात लघवी होणे. ही घाबरगुंडी आहे, हट्ट नाही. इथे 'भुंकू द्या, सवय होईल' हा सल्ला चुकीचा आहे, त्याने भीती वाढते. त्याऐवजी थोड्या थोड्या वेळाची सवय लावा: दाराबाहेर १० सेकंद, मग ३० सेकंद, मग १ मिनिट, मग ५. तो शांत असतानाच परत या. निघताना आणि आल्यावर फार लाड करू नका. सराव पुरा होईपर्यंत जमेल तितके त्याला एकटे ठेवणे टाळा. त्रास जास्त असेल तर पशुवैद्यक औषधही देऊ शकतात.

मोकाट कुत्र्यांना उत्तर. नव्या ले-आऊटमध्ये रात्री एक कुत्रा भुंकला की अख्खा परिसर भुंकतो. तुमचा कुत्रा अंगणात बांधलेला असेल तर त्याने उत्तर देणे साहजिक आहे. रात्री त्याला घरात, रस्त्यापासून दूरच्या खोलीत झोपवा. एवढ्या एकाच बदलाने कितीतरी घरांची रात्र शांत होते. अमरावतीत वडाळी-पोहऱ्याच्या जंगलालगत राहणाऱ्यांना हे आणखी एका कारणाने आवश्यक आहे: तिकडे बिबट्यांचा वावर आहे आणि अंगणात बांधलेला कुत्रा त्यांचे सोपे भक्ष्य ठरतो.

दुखणे आणि म्हातारपण. कानातला संसर्ग, दातदुखी, सांधेदुखी, गोचिडांमुळे येणारी खाज यांनी कुत्रा अस्वस्थ होतो आणि भुंकतो. वय झालेल्या कुत्र्याला कमी दिसू-ऐकू लागले की तो दचकून भुंकतो. काही म्हाताऱ्या कुत्र्यांना माणसांतल्या स्मृतिभ्रंशासारखा आजार होतो. ते दिवसा झोपतात आणि रात्री भिंतीकडे पाहून भुंकत राहतात. यांपैकी कशावरही शिस्त हा उपाय नाही, तपासणी हाच उपाय आहे.

'शांत' हा शब्द कसा शिकवायचा?

कुत्रा भुंकत असताना मोठ्याने ओरडलात तर त्याला वाटते, घरचेही सोबत भुंकत आहेत. त्याऐवजी हलक्या आवाजात एकदाच 'शांत' म्हणा आणि त्याच्या नाकासमोर खाऊ धरा. हुंगण्यासाठी तो गप्प होईल. दोन-तीन सेकंद गप्प राहिला की खाऊ द्या. पुढे हा वेळ ५, १०, ३० सेकंद असा वाढवत न्या. सराव रोज पाच-पाच मिनिटांचा, दोन-तीन वेळा, आणि तो थोडाच भुंकत असताना करा. काही आठवड्यांचा धीर लागतो.

वऱ्हाडातला उन्हाळा

एप्रिल-मे महिन्यांत अकोला-अमरावतीचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड ठेवतो. टिनाच्या शेडखाली बांधलेला, पाणी संपलेला कुत्रा भुंकत असेल तर तो मदत मागत असतो. सावली, मातीच्या पसरट भांड्यात दिवसभर पाणी आणि दुपारी घरात कूलरची हवा या त्याच्या गरजा आहेत. हस्की, सेंट बर्नार्ड अशा थंड प्रदेशातल्या जातींना इथली दुपार सोसत नाही.

फिरवणे पहाटे आणि दिवे लागल्यानंतर. डांबरी रस्त्यावर हाताची पालथी बाजू ५ सेकंद ठेवता येत नसेल, तर कुत्र्याचे पायही तिथे भाजतील. जोराची धाप, खूप लाळ, लडखडणे, उलटी ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अंगावर साधे पाणी ओता, पंख्याखाली घ्या आणि लगेच पशुवैद्यकाकडे न्या.

फटाके, ढोल आणि डीजे

अकोल्यात श्रावणातली राजराजेश्वराची कावड यात्रा, अमरावतीत अंबादेवी-एकवीरेचा नवरात्रोत्सव, दोन्हीकडे गणपती आणि दिवाळी. कुत्र्याला आपल्यापेक्षा खूप जास्त ऐकू येते, त्यामुळे या दिवसांत भित्रे कुत्रे वेड्यासारखे भुंकतात किंवा साखळी तोडून पळतात. त्या रात्रींसाठी आतली एक खोली तयार ठेवा: पडदे ओढलेले, कूलर किंवा पंखा चालू, त्याचे नेहमीचे अंथरूण. मिरवणूक येण्याआधी फिरवून आणा. सणाच्या काही आठवडे आधीपासून ढोल-फटाक्यांचे रेकॉर्डिंग अगदी हळू आवाजात लावून सोबत खाऊ देत गेलात आणि आवाज हळूहळू वाढवलात, तर बऱ्याच कुत्र्यांची भीती कमी होते. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतल्याने तो बिघडत नाही, त्याला खुशाल जवळ घ्या.

हे करू नका

- माणसांची औषधे देऊ नका. झोपेची किंवा चिंतेची गोळी अंदाजाने दिल्यास कुत्रा बेशुद्ध होऊ शकतो, क्वचित उलट जास्त चवताळतो. 'दुखत असेल' म्हणून दिलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक त्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरते, पॅरासिटामॉल यकृताला.
- तोंड बांधू नका. दोरीने किंवा घट्ट मुसक्याने तोंड बांधले की धाप टाकता येत नाही. आपल्या उन्हाळ्यात हे जिवावर बेतते.
- मारू नका, शॉक देणारा पट्टा वापरू नका. दुखणे आणि भीती यांमुळे भुंकणारा कुत्रा चावणारा होतो. वेल्समध्ये असे पट्टे २०१० पासून बंद आहेत.
- भुंकणाऱ्या, जेवणाऱ्या किंवा बांधलेल्या कुत्र्याजवळ लहान मुलाला एकटे पाठवू नका.

पशुवैद्यकाकडे कधी न्यावे?

भुंकणे अचानक सुरू झाले असेल, सोबत खाणे कमी, लंगडणे, कान खाजवणे, रात्रभर येरझाऱ्या किंवा आक्रमकपणा असेल, किंवा तीन-चार आठवड्यांच्या घरच्या प्रयत्नांनी फरक पडला नसेल, तर दाखवा. अकोल्यात महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. शासकीय पशुवैद्यकीय दवाखाने आणि खासगी पशुवैद्यक दोन्ही जिल्ह्यांत आहेत.

आवाज बदलला असेल तर सावध!

कुत्र्याचा आवाज एकाएकी घोगरा किंवा चिरका झाला, लाळ गळते, खालचा जबडा लोंबतो, गिळता येत नाही, ओळखीच्या माणसावरही विनाकारण धावून जातो किंवा एरवी खेळकर कुत्रा अंधारात कोपरा धरून बसतो, तर रेबीजची शंका घ्या. रेबीजमध्ये घशाचे आणि स्वरयंत्राचे स्नायू लुळे पडतात म्हणून आवाज बदलतो. 'घशात हाड अडकले असेल' म्हणून तोंडात हात घालू नका. लाळेतूनच विषाणू पसरतो. सगळ्यांना लांब ठेवा, कुत्रा आत राहील असे दार लावा आणि पशुवैद्यकाला कळवा. आधीच हाताला लाळ लागली असेल आणि तिथे ओरखडा किंवा जखम असेल, किंवा लाळ डोळ्यांत-तोंडात गेली असेल, तर तो चावाच समजा.

कुत्रा चावला किंवा नख लागले तर

१. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवा. घड्याळ लावून धुवा.
२. हळद, तिखट, चुना, तेल काहीही लावू नका. पट्टी घट्ट बांधू नका.
३. त्याच दिवशी दवाखान्यात जा. अमरावतीत जिल्हा सामान्य रुग्णालय (इर्विन) आणि अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय इथे लस मिळते. तुमच्या जवळच्या शासकीय रुग्णालयातही विचारा.
४. लस त्वचेत दिल्यास ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, स्नायूत दिल्यास ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी घ्यावी लागते. पोटातली चौदा इंजेक्शने आता नाहीत.
५. रक्त आले असेल तर लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन लागते. ते डॉक्टरांना आवर्जून विचारा.

कुत्रा घरचा आणि लस घेतलेला असला तरी डॉक्टरांना दाखवा. कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवायचे असते, पण त्यासाठी लस सुरू करायची थांबू नका. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळपास अशक्य असते.

शेजारी आणि कायदा

भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांनुसार कोणत्याही सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. पण कुत्रा, विशेषतः रात्री, शांत राहावा यासाठी प्रयत्न करण्याची जबाबदारी मालकाचीच आहे. कायमचा साखळीला किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणे ही प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार (१९६०) क्रूरता ठरते. आणि त्रास झाला म्हणून कुत्र्याला विष घालणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे.

मालक असाल तर शेजाऱ्याकडे स्वतः जा. "काका, आम्ही यावर काम करतो आहोत, थोडे दिवस सांभाळून घ्या, आम्ही घरी नसताना भुंकला तर वेळ लिहून ठेवा," एवढे म्हटल्याने भांडण टळते आणि वहीतली माहितीही मिळते. शेजारी असाल तर वेळा लिहून शांतपणे सांगा. तोवर पलीकडच्या खोलीत झोपा, कूलर-पंख्याचा आवाज राहू द्या, कानात बोळे वापरून पाहा. स्वतःच्या मनाने झोपेची गोळी सुरू करू नका. आठवड्यात तीनपेक्षा जास्त रात्री झोप मोडत असेल आणि दिवसा त्रास जाणवत असेल, तर डॉक्टरांना भेटा. रक्तदाबाचे रुग्ण असाल तर रक्तदाब मोजून घ्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*नसबंदी केल्याने भुंकणे थांबते का?*
भटकणे आणि माजाच्या काळातली अस्वस्थता कमी होते. भीती, कंटाळा किंवा राखणीमुळे होणारे भुंकणे त्याने थांबत नाही.

*दुसरा कुत्रा आणला तर?*
एकटेपणाची भीती बहुधा माणसांच्या जाण्याची असते. दुसऱ्या कुत्र्याने ती जाईल याची खात्री नाही, भुंकणारे मात्र दोन होऊ शकतात.

*अजिबात न भुंकणारा कुत्रा चांगला का?*
नाही. नेहमी भुंकणारा कुत्रा एकदम गप्प झाला, खात नाही, कोपऱ्यात बसतो, तर तेही आजाराचे लक्षण असू शकते. त्यालाही दाखवून घ्या.

आजपासून काय करावे?

आज रात्री कुत्र्याला घरात झोपवा, उद्यापासून वही सुरू करा आणि त्याचे लसीचे कार्ड काढून तारीख पाहा. रेबीजची पहिली लस पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर, पुढे पशुवैद्यक सांगतील तसा बूस्टर आणि मग दरवर्षी. तारीख उलटली असेल तर या आठवड्यातच लस देऊन घ्या.